पाच पिशव्यांची ओटी

कोल्हारात शेतातला पाला पेटवायला कुणाला मुहूर्त लागत नाही. सोयाबीन मळून झालं की भुसकटाचा ढीग बांधावर, ऊस तुटला की पाचट सरीत आणि काडेपेटी खिशात. संध्याकाळी प्रवरेच्या काठानं धूर असा पसरतो की हमरस्त्यावरच्या गाड्या दिवे लावून हळू होतात. "राख बी खतच की," असं म्हणायचं आणि घरी जाऊन जेवायचं. सूर्यभानही तेच करायचा, त्याच्या बापानंही तेच केलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही असतं हे त्याला बायकोनं शिकवलं. खरी लाज कशी असते ते मात्र त्याच साली तो आपल्या कर्मानं शिकला.

बायको राजनंदिनी सोनईची, घरात तिला नंदा म्हणायचे. कृषी विज्ञान केंद्रात जाऊन ती भुसकटावर मशरूम लावायचं शिकून आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं आळीत जाहीर केलं, "भुसकट कुणी जाळू नका. मला द्या." लोकांना करमणूक झाली. सूर्याच्या बायकोनं कचरा पाळायला घेतलाय, असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि सूर्यभानही त्या हसण्यात सामील झाला. हसणाऱ्यांत बसलं की आपल्यावर कोणी हसत नाही, हा त्याचा जुना हिशेब होता.

नंदाचं काम मात्र मन लावून चाललेलं असायचं. भुसकट भिजवायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, निथळून प्लास्टिकच्या पिशवीत थर द्यायचे आणि थराथरात बियाणं पसरायचं. बियाणं म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून ती अंधाऱ्या खोलीत ठेवली की बुरशी भुसकट खात खात सगळी पिशवी पांढरी करून टाकते. मग प्लास्टिक फाडून पाणी मारत राहायचं, की भुसकटातून मशरूमची फुलं फुटतात. फुलं काढून झाली की उरलेलं भुसकट खड्ड्यात टाकायचं आणि त्याचं खत करायचं. "वाया काहीच जात नाही बघा," ती म्हणायची. तिच्या तोंडून हे ऐकताना सूर्यभानला आपण आजवर बांधावर काय काय पेटवून दिलं ते आठवायचं आणि तो दुसऱ्या विषयावर यायचा.

सूर्यभानची आई छबूबाई माळकरी. तिला हे प्रकरण मुळीच पटलं नव्हतं. "कुत्र्याच्या छत्र्या त्या. उकिरड्यावर उगवत्यात. माझ्या माळेला चालत न्हाईत," एवढं बोलून तिनं विषय मिटवला होता. गोठ्यामागची जुनी कोठीची खोली नंदानं चुना देऊन मशरूमसाठी घेतली, तेव्हापासून छबूबाई त्या खोलीकडं पाठ करून बसायची. नंदानं खोलीचे नियम केले होते. साबणानं हात धुतल्याशिवाय आत जायचं नाही, बाहेरच्या चपला आत न्यायच्या नाहीत आणि पिशवीचं तोंड कुणी म्हणजे कुणीच सोडायचं नाही. आत जायची मुभा दोघींनाच. एक ती स्वतः आणि दुसरी सृष्टी.

सृष्टी शेजारच्या वाल्मिकची बायको. वाल्मिक उसाचा ट्रक चालवायचा, गळीत हंगामात आठ आठ दिवस घरी नसायचा. हिचं माहेर लांब जामखेडकडं आणि पाठीवर भाऊ नाही. म्हणून लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं सूर्यभानला राखी बांधली आणि तेव्हापासून भाऊबीजही त्यालाच ओवाळायची. गेल्या साली तिचं सातव्या महिन्यात पोटातलं गेलं. तेव्हापासून ती नंदाच्या मागं मागं असायची, पिशव्या भरायची, बांधायची. नंदाला तिचा हात हलका वाटायचा. आळीतल्या बायकांना तिच्याबद्दल जे वाटायचं ते अजून कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी नंदा पोराला घेऊन चुलतबहिणीच्या साखरपुड्याला सोनईला गेली. सकाळी सृष्टी येऊन खोली बघून गेली. दुपारी सूर्यभान जेवून उठला तर छबूबाई दारात उभी.

"किल्ली दे रं कोठीची."

"तुला कशाला? तुला तर वास बी खपत न्हाई."

"दे म्हनते ना." मग जरा थांबून ती म्हणाली, "परवा नंदा काय म्हनली ऐकलं का? म्हनली, आत्याबाई, पिशव्या आता पोटुशी हायेत. त्यांला अंधार अन् ऊब पायजे, बाकी कायबी नगं."

"मंग?"

"मंग काय? पोटुशीची ओटी न्हाई भरायची व्हय?"

सूर्यभानला हसू आलं. पण आईच्या हातात खरोखरच ताट होतं. तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, रुपयाची नाणी आणि हळदीकुंकवाचा करंडा. करंडा तिचाच, लग्नातला. बाप गेल्यापासून तो ट्रंकेच्या तळाशी होता आणि सूर्यभाननं तो पुन्हा कधी पाहिला नव्हता.

"तुझा बाप गेल्यापून म्या कुनाची ओटी भरली न्हाई," छबूबाई ताटाकडं बघत म्हणाली. "नंदाच्या डोहाळजेवनाला बी न्हाई. समद्या बाया तिची ओटी भरत हुत्या अन् मी चुलीपुढं बसून पुऱ्या तळत हुते. माझ्या पहिल्या नातवंडाची ओटी. जाऊ दे. ह्या पिशव्यांला काय ठावं मी कोन हाय ते?"

विधवेला मान द्यायचे ठराव गावोगाव झाले आहेत. ठराव होतात, टाळ्या होतात, आणि संक्रांतीचं ताट तिच्या दारावरून पुढं जातं. सूर्यभानला हे ठाऊक होतं, पण आपल्या आईला त्याचं एवढं लागत असेल हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्याला खोलीचा नियम आठवला, पण अशा वेळी नियमाचं काय घेऊन बसायचं, असं म्हणून त्यानं किल्ली काढून दिली.

छबूबाईनं दाराशी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. पहिल्या मांडणीवरच्या पाच पिशव्यांची सुतळी तिनं सोडली आणि एकेकीत ओंजळभर तांदूळ, एक हळकुंड, एक सुपारी आणि एक नाणं घातलं. वरून हळदीकुंकवाची चिमूट वाहिली आणि तोंडं पुन्हा बांधली. मग प्रत्येक पिशवीवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सूर्यभान दारात उभा राहून बघत होता. आईचं तोंड इतकं निवलेलं त्यानं किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

"नंदाला सांगू नगस," बाहेर येताना ती म्हणाली. "हसंल मला. म्हनंल, म्हातारी शेवटी वळली."

"न्हाई सांगत," सूर्यभान म्हणाला. त्याला ते अगदी सोपं वाटलं.

पुढच्या आठवड्यात नंदा एका सकाळी खोलीतून बाहेर आली ती भिंतीला धरूनच. पहिल्या मांडणीवरच्या पिशव्या हिरव्या पडल्या होत्या. शेवाळासारखा हिरवा रंग वरून खाली उतरत चालला होता आणि मागच्या रांगांतही ठिपके दिसायला लागले होते. बोट लावलं की हिरवी भुकटी उडायची.

"हिरवी बुरशी शिरली," ती म्हणाली. "वाईट नसती ती. खताच्या खड्ड्यात हीच विकत आणून टाकतात लोक. पण तिची जागा खड्ड्यात. हितं ती माझ्या पांढरीला खाऊन टाकती." आणि ती ओट्यावर बसून लहान पोरीसारखी रडली. शिर्डी रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला तिनं पहिला माल कबूल केला होता. बचत गटातल्या बायकांना ती महिनाभर सांगत होती की एकदा हे जमलं की पुढच्या खेपेला सगळ्याजणी मिळून करू.

सगळ्या पिशव्या लगेच बाहेर काढून पुरायला हव्या होत्या. सूर्यभान आत गेला. पहिली पिशवी उचलली तर तोंडाशी सगळ्यात गर्द हिरवं. त्यानं सुतळी सोडली. आत तांदूळ फुगून, हिरव्या लवेनं एकमेकांना चिकटून बसले होते आणि त्यांच्यामधून नाण्याची कड दिसत होती. सूर्यभान शिकलेला नव्हता असं नाही, दहावी होता. कच्चे तांदूळ, गोठ्यातून आलेले हात आणि उघडलेलं तोंड. त्याला सगळं एका क्षणात कळलं.

बाहेर नंदाचा आवाज आला, "मी येते धरायला."

"नको, तू नको हात लावू," तो आतूनच ओरडला. "मी टाकतो समदं."

त्या पाच पिशव्या त्यानं सगळ्यात आधी नेल्या. गोठ्यामागच्या खड्ड्याच्या तळाशी फाडून उलट्या केल्या, वरून बाकीच्या पिशव्यांचं भुसकट, त्यावर शेणकाला आणि त्यावर माती. नाणी वेचायला त्याला धीर झाला नाही. नंदा कधी मागं येऊन उभी राहील याचा नेम नव्हता.

तो हात झटकत अंगणात आला तर नंदा आणि सृष्टी समोरासमोर उभ्या होत्या.

"कुणीतरी तोंड सोडलंय, नाहीतर घाणेरडे हात लागलेत," नंदा म्हणत होती. "आपण दोघींशिवाय आत कोण जातं? एवढं पसरायला आठवडा लागतो, अन् गेल्या गुरुवारी मी तर सोनईला होते. सृष्टे, तू हात धुतले होते का गं?"

सृष्टीचं तोंड उतरलं. "धुतले हुते वहिनी... मला वाटतंय धुतले हुते. पन घाई हुती, गवताचा भारा टाकून आल्ते." ती सूर्यभानकडं बघू लागली, जणू त्याला काही आठवत असेल. त्या सकाळी तो तिथंच, गोठ्यात होता.

सूर्यभाननं तोंड उघडलं. आईचं निवलेलं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्याच्या मागोमाग आळीतल्या बायका काय बोलतील तेही कानात वाजलं. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं ओटी भरली, मग नासणार नाही तर काय होणार. आणि किल्ली कुणी दिली, हा प्रश्न तर पहिलाच आला असता.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "झालं ते झालं. आता तिला बोलून काय उपेग?"

"चुकलं आसंल माझ्याकडून," सृष्टी हळूच म्हणाली, आणि तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्यानं तिला वाचवलं. त्या नजरेनं त्याला चपराक बसल्यासारखं झालं. तो हात धुवायला मोरीकडं वळला.

संध्याकाळी धार काढताना छबूबाई त्याच्याजवळ येऊन बसली. "सूर्या, खरं सांग. त्या दिवशी म्या पिशव्या सोडल्या, त्याच्यानं तर न्हाई ना झालं?"

"छ्या! तुझा काय संबंध?" तो बादलीत बघत म्हणाला. "सृष्टीनं हात धुतले नव्हते. तिनंच कबूल केलं."

"मंग ठीक. माझ्या जिवाला घोर लागला हुता," छबूबाई म्हणाली आणि उठून देवापुढं दिवा लावायला गेली. पोटच्या पोरावर तिचा विश्वास होता.

आळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही आणि पसरताना ती वाढत जाते. आधी सृष्टीनं हात धुतले नव्हते एवढंच होतं. मग सृष्टीच्या हाताला गुण नाही असं झालं. आणि मग कौसाबाईनं, जिला देवानं जीभ देताना माप केलं नव्हतं, नळावर सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, "पोटातलं टिकलं न्हाई तिच्या हातनं, पिशवीतलं काय टिकनार?" कुणी हसलं नाही. पण कुणी नाहीही म्हटलं नाही.

नंदानं बायकांशी भांडण केलं. पण गटातल्या बायका म्हणाल्या, नव्या पिशव्या भरताना सृष्टी नको. पहिल्या खेपेला तोंड पोळलेलं असल्यानं नंदाही नमली. "थोडे दिवस," ती सृष्टीला म्हणाली. सृष्टीनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून ती आपणहूनच यायची बंद झाली. नव्या पिशव्यांवर मशरूम आले, चांगले आले. लोकांनी त्याचाही अर्थ लावलाच. बघा, ती नव्हती म्हणून आले.

सूर्यभान रोज सकाळी उठायचा तो आज सांगून टाकू असं ठरवून. चहा होईपर्यंत तो निश्चय टिकायचा. मी आईसाठी गप्प आहे, तो स्वतःला सांगायचा, म्हाताऱ्या बाईला या वयात बोल कशाला लावायचा. आईचं नाव पुढं केलं की पुरुषाला काय वाटेल ते पोटात घालता येतं. किल्ली आपण दिली होती, तांदूळ आपण पुरले होते आणि गोठ्यात आईपुढं धडधडीत खोटं आपण बोललो होतो, या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दाच्या आड नीट मावत होत्या. वाटेत सृष्टी भेटली तर ती डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणायची, "बरं हाय का दादा?" आणि तो "हाय हाय" करत पुढं निघून जायचा. आपलंच गाव त्याला अडचणीचं वाटू लागलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू नंदानं मुद्दाम आपल्या अंगणात ठेवलं आणि सृष्टीला स्वतः जाऊन बोलावून आणलं. सृष्टी लग्नातली हिरवी साडी नेसून आली. हातात सुगड, तिळगुळाचा डबा. सूर्यभान ओट्यावर कडब्याच्या पेंढ्या बांधत होता. सृष्टी करंड्यात बोट बुडवून कौसाबाईपुढं झाली, तशी कौसाबाईनं कपाळ मागं घेतलं.

"लावलंय गं मघाशीच."

सृष्टीनं बोट दुसरीकडं नेलं. दुसरीनं तेवढ्यात पोराला हाक मारली आणि उठली. तिसरीनं डोक्यावरचा पदर कपाळावर ओढला. सृष्टीचं कुंकू लागलेलं बोट तसंच हवेत राहिलं. शेवटी नंदा पुढं झाली आणि तिनं ते आपल्या कपाळावर लावून घेतलं. पण तोवर सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड छबूबाई उभी होती. हळदीकुंकवात तिला यायचं नव्हतंच. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला.

सृष्टी डबा न उघडता घरी गेली. सूर्यभाननं पेंढीची गाठ इतकी आवळली की दोरी तुटली. तेव्हाच उठून अंगणात उभं राहायचं आणि दोन वाक्यं बोलायची, इतकंच करायचं होतं. सगळ्या बायका समोर होत्या. तो दुसरी दोरी आणायला गोठ्यात गेला.

पाडवा होऊन गेला आणि नंदानं खड्डा उघडायचं काढलं. भाजीच्या रोपांसाठी तिला खत हवं होतं. सूर्यभानला खड्ड्याच्या तळाची आठवण एक दिवसही सुटली नव्हती. तळ आपण एकट्यानं उकरायचा, नाणी गुपचूप खिशात घालायची आणि प्रकरण कायमचं मिटवायचं, असं त्यानं योजून ठेवलं होतं. पण आधी डेअरीत दूध घालायचं होतं, आणि तिथं त्या दिवशी मापाचं यंत्र बंद पडलं. तो रांगेत अडकला.

इकडं छबूबाई नंदाला म्हणाली, "सृष्टीला हाक मार. माती चाळाया तरी कुनाची ना न्हाई ना?" संक्रांतीपासून ती त्या पोरीला काही ना काही निमित्तानं बोलवायचीच. नंदा खड्ड्यात उतरून घमेली भरून देऊ लागली, सृष्टी आणि छबूबाई चाळणी धरून बसल्या. खत झकास झालं होतं. काळंभोर, भुसभुशीत, हातात घेतलं तर भुसकट कुठलं आणि शेण कुठलं ओळखू येऊ नये असं. हिरव्या बुरशीनं तिचं काम चोख केलं होतं. "बघा," नंदा खड्ड्यातून म्हणाली, "मशरूमच्या खोलीत नासधूस केली या बुरशीनं, अन् हितं सोनं करून ठेवलं."

तळाचं घमेलं आलं. चाळणीत काहीतरी वाजलं.

"मावशी, रुपाया," सृष्टी म्हणाली. तिनं तो पदराला पुसून छबूबाईच्या हातावर ठेवला. पुन्हा वाजलं. दुसरा. मग एक कडक, काळी पडलेली सुपारी. मग हळकुंडाचा तुकडा, मोडल्यावर आतून अजून पिवळा. बुरशीनं भुसकट खाल्लं होतं, तांदूळ खाल्ले होते, पण नाण्यांपुढं तिचं काही चाललं नव्हतं. छबूबाई एकेक वस्तू हातात घेऊन बघत राहिली आणि पाचवं नाणं हातात आलं तेव्हा तिनं चाळणी सोडून दिली.

"ओटीचं सामान खड्ड्यात कसं काय?" नंदानं वर येत विचारलं.

"माझं हाय ते," छबूबाई म्हणाली. "तू सोनईला गेल्ती त्या गुरवारी पाच पिशव्यांची ओटी भरली म्या. तोंडं सोडून आत तांदूळ घातले." तिचा आवाज सरळ होता. "तुझ्या पिशव्या माझ्या हातानं नासल्या, नंदा. या पोरीच्या न्हाई."

नंदाला पुढचं सांगावं लागलं नाही. तळाच्या पिशव्या कुणी नेल्या आणि त्या दिवशी आपल्याला हात का लावू दिला नाही, हे तिला आता कळलं. तिनं मान वर केली तर समोरून सूर्यभान दुधाचं रिकामं कॅन घेऊन येत होता. तिघींची तोंडं आणि आईच्या ओंजळीतली नाणी त्यानं पाहिली. पाय तिथंच थांबले.

"म्या तुला गोठ्यात इच्यारलं हुतं," छबूबाई म्हणाली.

"तुझ्यासाठी गप बसलो आई." गेले कित्येक महिने मनात घोकलेलं वाक्य होतं ते, पण बाहेर पडताच ते त्याला स्वतःलाच फडतूस वाटलं. "लोकं म्हनली असती—"

"काय म्हनली असती? पांढऱ्या कपाळाच्या बाईनं ओटी भरली म्हनून नासलं. म्हनू दे की! तुझा बाप गेल्यापून म्हनत्यातच लोकं. मला सवय हाय. या लेकरानं काय घोडं मारलं हुतं तुझं?" तिचा आवाज चढला. "माझ्या हातनं झालं ते मला ठावं नव्हतं. तुला ठावं हुतं. तुला राखी बांधती रं ती!"

सूर्यभाननं कॅन खाली ठेवलं. त्याला खड्ड्यात उतरून वरून माती ओढून घ्यावीशी वाटली.

"कौसाबाईला हाक मार," छबूबाई म्हणाली. "समद्यांना मार. संक्रांतीला हुत्या त्या समद्यांना."

"आत्याबाई, जाऊ द्या ना," सृष्टीकडं बघत नंदा म्हणाली.

"जाऊ द्या, जाऊ द्या म्हनूनच हितवर आलंय हे."

त्यानं हाका मारल्या. बायका आल्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या काखेत पोर. कौसाबाई सगळ्यांच्या पुढं. सूर्यभान खड्ड्याच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. किल्ली मी दिली, तांदूळ बघितले ते मी, पुरले ते मी. आईला खोटं सांगितलं ते मी, आणि तुम्ही सृष्टीला नाही नाही ते बोलत होता तेव्हा सगळं माहीत असून ओट्यावर बसून राहिलो तोही मीच. कौसाबाईनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यांना लाज वाटली की नुसतं अवघडल्यासारखं झालं, ते सांगता येणार नाही. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

छबूबाई उठली आणि सृष्टीपुढं येऊन तिनं हात जोडले. सृष्टीनं ते जोडलेले हात घाईघाईनं आपल्या मातीनं भरलेल्या हातांत धरले. "नगं मावशी. तुमी कशाला?" मग ती सूर्यभानकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळंच त्याला ऐकवेना.

"दादा, म्या हात धुतले हुते त्या दिवशी. साबन लावून. मला आठवत हुतं. पन तुमी म्हनलं, जाऊ द्या, झालं ते झालं. मला वाटलं, तुमी गोठ्यातनं बघितलं आसंल, अन् मला पाठीशी घालताय. तवापून मला माझंच आठवनं खरं वाटंना. मंग मी मागचं बी आठवू लागले. पोटातलं गेलं तवाचं. तवा बी माझ्याच हातनं काय तरी झालं आसंल, असं म्हनलं म्या वाल्मिकला. रडला तो. पार रडला."

नंदा तोंडाला पदर लावून उभी होती. सूर्यभाननं क्षमा मागायला तोंड उघडलं, पण मागायची कशाची, याला त्याच्याजवळ शब्दच नव्हता. पिशव्यांची मागता आली असती. छबूबाईनं ती पाच नाणी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली. "ठिव," ती म्हणाली. "तुझ्यापाशीच ठिव."

बायका एकेक करून पांगल्या. सृष्टी पुन्हा खाली बसली. तिनं चाळणी ओढली, घमेल्यातलं उरलेलं खत तीत ओतलं आणि हलवायला लागली. सूर्यभान मूठ मिटून तिच्या पुढ्यात तसाच उभा होता. ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, निदान रडेल म्हणून तो थांबला होता.

"सरका दादा," ती मान वर न करता म्हणाली. "सावली पडतीय तुमची. बारीक खडं दिसंना झालेत."

तो बाजूला सरकला.